मेक्सिकोच्या खलातील चटणी

मेक्सिकोच्या बाजारपेठांत काळ्या ज्वालामुखी दगडाचे, तीन पायांचे खल मांडलेले असतात. त्यांस ‘मोल्काहेते’ म्हणतात. भाजलेले टोमॅटो, मिरची व मीठ त्यात वाटले की साल्सा सिद्ध होते. आज तीत कांदा-लसूण सर्रास पडतो; म्हणून जैन प्रवासी ‘सिन सेबोया, सिन आहो’ म्हणजे ‘कांदा नको, लसूण नको’ एवढे शब्द प्रथम शिकतो. परंतु लागवडीचा कांदा व लसूण तेथे १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला. त्या शतकातील साहागुन या धर्मोपदेशकाच्या नोंदींत टोमॅटो, मिरची व भोपळ्याच्या बियांच्या चटण्या आढळतात. युकातान प्रांतातील ‘सिकिल पाक’ आजही भाजलेल्या बियांचीच होते. घरी ती जेवणापुरतीच वाटावी, शिळी ठेवू नये. व्रतस्थाच्या ताटात येथे काही उणे राहत नाही.