श्रावणांतला बर्फ

श्रावणांत, अंगाला घाम सुटलेला असतांना, यंत्राच्या नरड्यांत बर्फ सांठतो, असें मला कोणीं पूर्वीं सांगितलें असतें तर मीं त्याची थट्टाच केली असती. तो बर्फ मीं अजूनही डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. त्याचा प्रताप मात्र अनुभवला आहे.

पस्तिशी उलटल्यावर मला विमान चालविण्याचा नाद लागला. (घरांत या नादाला काय नांव होतें, तें येथें न सांगणें बरें.) आमचें सेसना १५२ जातीचें दोन आसनांचें विमान देशावरच्या एका धांवपट्टीवरून उडे. त्या दिवशीं पाऊस नुकताच उघडला होता. हवा २४ अंशांची, पण इतकी दमट, कीं हातरुमालही वाळूं नये. २००० फुटांवर इंजिनाच्या फेऱ्या २३०० वरून हळूहळू २२०० वर आल्या. मीं थ्रॉटल किंचित् पुढें सारला. फेऱ्या पूर्ववत् झाल्या, आणि मी स्वतःवरच प्रसन्न झालों. पांच मिनिटांनीं त्या पुन्हां उतरल्या. मीं पुन्हां थ्रॉटल सारला. दुखणें मी केवळ झांकीत होतों, हें आतां कळतें.

त्याचें कारण आपल्या घरांतल्या माठाइतकें साधें आहे. माठाच्या अंगावरचें पाणी वाफ होतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. कार्ब्युरेटरमध्यें तेंच काम पेट्रोल करतें. शिवाय तेथील वाट मध्येंच अरुंद केलेली असते. तींतून वेगानें जातांना हवेचा दाब उतरतो आणि ती आणखी निवते. दोन्ही मिळून तपमान २० अंशांहूनही अधिक खालीं येऊं शकतें. मग श्रावणी हवेंतली वाफ थ्रॉटलच्या पडद्याभोंवतीं गोठूं लागते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षां ही सौम्य, ओलसर हवाच अधिक घातकी! उतरतांना तर धोका सर्वांत मोठा. कारण थ्रॉटल मिटलेला असल्यामुळें फट आधींच बारीक.

तिसऱ्या वेळीं इंजिन थरथरलें. थ्रॉटलच्या डावीकडे एक काळी मूठ असते. ती ओढली, कीं धुराड्याच्या नळीभोंवतीं तापलेली हवा आंत येते. मीं ती ओढली, आणि इंजिन अधिकच बिघडलें. तें खोकूं लागलें. फेऱ्या २००० च्या खालीं गेल्या. खालीं पाण्यानें भरलेलीं शेतें दिसत होतीं. मूठ परत आंत सारण्यासाठीं माझा हात गेला, तों शेजारच्या कॅप्टनसाहेबांनीं त्यावर आपला हात ठेवला.

"राहूं द्या," ते म्हणाले. "वितळतोय तो."

वितळलेलें पाणी इंजिनाला गिळावें लागतें, म्हणून तें आधीं ठसकतें. हें मीं पुस्तकांत वाचलें होतें, परीक्षेंत लिहून गुणही मिळविले होते. त्या अर्ध्या मिनिटांत त्यांतलें एक अक्षर आठवलें नाहीं. मूठ सारली असती, तर बर्फ पुन्हां धरला असता. आणि इंजिन एकदां थांबलें, कीं धुराड्याची नळीही निवते, मग ऊब मागावी तरी कोणाकडे?

एकाएकीं घरघर सुरळीत झाली आणि फेऱ्या चढल्या.

उतरल्यावर मी झांकण उघडून पाहूं लागलों, तर आंत नुसती तापलेल्या लोखंडाची धग. अशा अपघातानंतर चौकशी करणारांनाही पुष्कळदां असेंच रिकामें कार्ब्युरेटर सांपडतें. अपराधी पाणी होऊन केव्हांच निघून गेलेला असतो.

"मी शेजारीं नसतों तर?" कॅप्टनसाहेबांनीं विचारलें. इतका वेळ ते स्वतः गप्प कां बसले होते, हें मीं त्यांना विचारलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत मला प्रथमच एकट्यानें उडावयाचें होतें. तें त्यांनीं तीन आठवडे पुढें ढकललें. मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. घरीं मीं पावसाचें निमित्त सांगितलें.