खर्जाचं फुगणं

आमच्या साउंडवाल्यांच्या बोलीत ‘बूमी’ ही जवळजवळ शिवीच. डग्ग्याचा घुमारा हवा, तानपुऱ्याची आसही हवी. पण खालचा एखादाच पट्टा फुगून बाकी सगळ्यांच्या उरावर बसला, की आवाज बूमी. हे दुखणं साधारण १०० ते २५० हर्ट्झमधलं. नवख्या कानाला ते भारदस्त वाटतं, यजमान तर खूश होतात. मग निवेदक उभा राहतो आणि मागच्या रांगांना शब्द कळेनासे होतात.

मिक्सरवरचं ‘लो’ पिळून कमी करणं कुणालाही येतं. शास्त्रीय बैठकीत तेच अंगाशी येतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका त्याच पट्ट्यात. तिथं सरसकट कापलं की बुवांचा सा पोकळ होतो, आणि लोक म्हणतात, आज आवाज लागला नाही! म्हणून मी आधी माइकला हात घालतो. गाण्याचे नेहमीचे माइक समोरच्याच दिशेचं जास्त ऐकतात; असा माइक ओठांना चिकटला की खर्ज आपोआप फुगतो. वीतभर मागे घेतला तरी बराच फरक पडतो. (‘बुवा, जरा मागे बसा’ म्हणायला जीभ रेटत नाही, मी गुपचूप स्टँडच सरकवतो.) पाठोपाठ स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढायचे, कारण कोपऱ्यातल्या भिंती खर्जाला आणखी जोर देतात.

उरतो तो जागेचा दोष, आणि तो फार चिवट. दहा बाय दहाच्या रियाजाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ५६ आणि ११२ हर्ट्झच्या जवळपासचे सूर उगाच गाजतात. लोक पडदे लावतात, सतरंज्या अंथरतात. त्या वरचे सूर पिऊन टाकतात, खर्जाला धक्काही लावत नाहीत. खोली उलट जास्तच बूमी वाटू लागते. १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, ती पातळ कापडाला काय दाद देणार? कोपऱ्यांत हात-दीड हात जाडीची रॉकवूल भरावी लागते. जागा अडते, घरचे कुरकुरतात, पण फरक त्यानंच पडतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचे असतील तर खुशाल चिकटवा. घुमणं जाणार नाही.