अजिंठ्याचे निळे कमळ

दिल्लीहून निघालेली आमची गाडी भुसावळ मागे टाकून जळगावला पोहोचली, तेव्हा नुकते उजाडत होते. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांवर धुक्याचा पातळ पदर पसरला होता. फलाटावर मामा न्यावयास आले होते. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मी भाषांतराच्या टेबलाशी आयुष्य जोडलेला कारकुनी जीव. पण गेल्या पाच-सहा वर्षांत एका छंदाने मला पुरते झपाटले आहे. माझ्या खांद्यावरील पिशवीकडे पाहून मामा हसले व म्हणाले, ''कॅमेरा आणलास ना? मग उद्या रविवारीच अजिंठ्याला जाऊ. सोमवारी लेणी बंद असतात.''

जळगावपासून अजिंठा सुमारे साठ किलोमीटर. पहूर ओलांडले की काळ्या मातीची सपाट शेते संपत येतात आणि डोंगरांची निळसर रांग जवळ येऊ लागते. फर्दापूरच्या फाट्याशी आपले वाहन ठेवून पुढे लेण्यांच्या बसने जावयाचे. मग एका वळणावर वाघूर नदीने घोड्याच्या नालाप्रमाणे कोरलेली ती दरी एकदम पुढ्यात उभी राहते. उभ्या कड्यात एका ओळीत खोदलेली तीसएक लेणी दिसतात. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, तर पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या राजवटीतील होत.

शिकारीच्या निमित्ताने इकडे आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 ही तारीख व आपले नाव दहाव्या लेण्यात कोरून ठेवले आहे. चित्रावर नाव कोरण्याची ही खोड तेव्हापासूनची! परंतु त्याच्यामागून आलेल्या रॉबर्ट गिलची कथा अगदी निराळी आहे. मद्रासच्या लष्करातील या अधिकाऱ्याने 1844 पासून वर्षानुवर्षे येथे राहून भिंतीवरील चित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 पासून नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतीलही अनेक 1885 मध्ये लंडनलाच जळाल्या. भिंतीवरची चित्रे मात्र त्यानंतरही झिजत राहिली. काही ठिकाणचा गिलावा गळून पडला. जपणुकीसाठी चढविलेले रोगणच पिवळे पडून रंगांवर पडद्यासारखे बसले. आज काही भाग कसा होता हे कळते ते केवळ त्या जुन्या प्रतिकृतींवरून. हे सारे मामांच्या तोंडून ऐकतच आम्ही पहिल्या लेण्याच्या दाराशी जोडे काढले.

आत पाऊल टाकताच डोळे अंध झाल्यासारखे होतात. क्षण-दोन क्षणांनी अंधारातून खांब, मग छतावरील कमळे, आणि शेवटी गाभाऱ्याच्या डावीकडे तो पद्मपाणी प्रकट होतो. किंचित वाकलेली मान, खाली झुकलेली दृष्टी आणि हातात एक कमळ. पहारेकऱ्याने नम्रपणे पण ठामपणे बजावले, ''साहेब, झगझगीत दिवा लावायचा नाही.'' हे योग्यच आहे. प्रखर प्रकाश, ओलावा, एवढेच काय, गर्दीच्या श्वासातील वाफ, या साऱ्यांपासून या चित्रांना जपावे लागते.

मग अंधारात छायाचित्र घ्यावे कसे? येथेच अंकीय छायाचित्रणाची मौज आहे. या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक लहानशी पाटी असते. तिच्यावर प्रकाश मोजणारे लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात. 1975 मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी असा पहिला कॅमेरा जुळविला, तेव्हा ते बिंदू अवघे दहा हजार होते आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास तेवीस सेकंद लागत. आजच्या साध्या कॅमेऱ्याची पाटीही मंद प्रकाशातले पुष्कळ टिपते. मात्र संवेदनक्षमता वाढविली की चित्र रवाळ येते, जणू त्यावर बारीक वाळू भुरभुरली आहे. यावर एक युक्ती आहे. कोपर अंगाशी घट्ट धरावे, श्वास रोखावा आणि त्याच दृश्याची एकापाठोपाठ सोळा चित्रे घ्यावीत. घरी संगणकावर ती एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली की वाळू जवळपास चौथाईवर येते. कारण खरी रेषा सोळाही चित्रांत त्याच जागी असते, वाळू मात्र दर वेळी निराळीकडे पडते. या युक्तीने चित्रात पदरचे काहीही घातले जात नाही.

सोमवारी लेणी बंद म्हणून मी मामांच्या ओसरीवर संगणक उघडून बसलो. चित्र स्वच्छ झाले होते, पण पिवळट आणि उदास. पुस्तकांतून या नीलकमळाची किती वर्णने वाचली होती! मी निळ्या रंगाची पट्टी थोडी पुढे सरकविली, आणखी थोडी, मग पुरती. कमळ झळाळून उठले. भिंतीवरचे दोन ओरखडेही बुजवून टाकले. घरातील सर्वांनी वाहवा केली. मामेबहीण म्हणाली, ''दादा, हे तर मोठे करून दिवाणखान्यात लावायला हवे!''

मामांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि शांतपणे विचारले, ''हे कमळ तू कुठे पाहिलेस?''

मला उत्तर सुचले नाही. मंगळवारी आम्ही पुन्हा पहिल्या लेण्यात उभे होतो. या वेळी मी कॅमेरा पिशवीतच ठेवला. डोळे अंधाराला सरावल्यावर मी कमळाकडे पाहिले. त्यावर विरत चाललेली, करडेपणाकडे झुकणारी एक मंद छटा होती. माझ्या चित्रातील झगमग तेथे कोठेच नव्हती. आणि जे ओरखडे मी पुसले होते, ते दीड हजार वर्षांच्या सोसण्याची खूण होऊन तेथेच होते.

परतताना मी मामांना कॅमेऱ्याची एक गंमत सांगितली. त्या पाटीवरील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटातील रचनेप्रमाणे निम्मे बिंदू हिरव्याचे व उरलेले तांबड्या-निळ्याचे असतात. बिंदूचे बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे आपण काहीही न बदलले तरी चित्र थोडेसे अनुमानाचेच असते!

''म्हणजे भाषांतरच की,'' मामा म्हणाले. ''ते तर तुझ्या पोटापाण्याचे काम. तिथे तू पदरची वाक्ये घालतोस का रे?''

त्या एका प्रश्नाने माझ्या छंदाला शिस्त लागली. भाषांतरकाराला शब्द बदलावेच लागतात, त्यावाचून मूळ दुसऱ्या भाषेत येत नाही. परंतु मुळात नसलेले बोलण्याचा अधिकार त्याला नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. दिव्याच्या प्रकाशाचा पिवळेपणा काढणे, वाळू झाडणे, काळोख किंचित उजळणे, हे भाषांतर. कमळाला आपल्या हौशीचा निळा फासणे ही मात्र भर झाली. आपल्या चित्राने कोणाचे काय बिघडते, असे हौशी माणसास वाटेल. पण गिल-ग्रिफिथ्स यांची कहाणी आठवावी. भिंतीवरचे उद्या गळून पडले तर कदाचित कोणा हौशी माणसाचे चित्रच साक्षीला उरेल, आणि ती साक्ष खरी असली पाहिजे.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ नोंद कधी पुसत नाही. संस्कार करावयाचे ते तिच्या प्रतीवर. जेथे मुभा असेल तेथे प्रारंभी एका करड्या कागदाचे चित्र घेऊन ठेवतो, म्हणजे त्या जागेचा उजेड कोणत्या रंगाचा होता हे पुढे कळते. आणि प्रत्येक चित्राखाली काय बदलले ते एका ओळीत लिहितो.

दिवाणखान्यात पद्मपाणी आता लावला आहे. कमळ फिकट आहे, ओरखडेही आहेत. पाहुणे कधी कधी विचारतात, रंग एवढे मंद का? मी त्यांना जळगावची गाडी किती वाजता सुटते ते सांगतो.