हातचा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव आटोपला, की गाळ्यावरचे दिवाणजी शेतकऱ्यांच्या विक्री-हिशेबाच्या पट्ट्या करायला बसतात. डावा हात काट्याच्या चिठ्ठ्यांवर, उजवा कॅल्क्युलेटरवर. नजर कागदावरून हलत नाही. पाचाच्या कळीवरचा बारीकसा उंचवटा मधल्या बोटाला लागला, की बाकीचे आकडे आपापल्या घरी असतातच. एका वक्कलाचं, म्हणजे मालाच्या एका ढिगाचं, वजन, गुणिले भाव, बरोबर. दुसरं वक्कल, बरोबर. शेवटी ‘जीटी’ची कळ दाबली, की आतापर्यंतच्या साऱ्या ‘बरोबर’ची बेरीज समोर हजर.

त्याच दिवाणजींच्या खिशात फोनही असतो. हिशेबाला मात्र तो सहसा बाहेर येत नाही.

काचेवर पाच कुठे आहे, हे बोटाला कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि डोळे तर चिठ्ठीवर अडकलेले. शिवाय एकाच काचेवर दोन मांडण्या. नंबर लावताना १-२-३ वरच्या ओळीत, हिशेब करताना ७-८-९ वर. टेलिफोनच्या कळा कशा लावाव्यात याचा बेल प्रयोगशाळेने अभ्यास केला, तो १९६० साली प्रसिद्ध झाला आणि टेलिफोनवर १-२-३ वर गेले. हिशेबाच्या यंत्रांनी आपली जुनी रीत सोडली नाही. फोनने दोन्ही घराण्यांचा वारसा घेतला, पण त्यांचा मेळ घातला नाही.

मराठी शाळेत बेरीज शिकवताना पहिला संस्कार होतो तो हातच्याचा. आठ नि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक. तो डोक्यावर लहान अक्षरात लिहायचा, विसरायचा नाही. टेबलावरच्या यंत्रात हे काम ‘एम प्लस’ची कळ करते: एक रक्कम बाजूला जपून ठेवायची, दुसरा हिशेब उरकायचा, मग ती परत मागायची. आयफोनच्या साध्या, उभ्या पडद्यावर ही कळच नाही. ती हवी तर वर्षानुवर्षं फोन आडवा करावा लागे. चुकून पडलेला एक आकडा पुसायचा, तर आकड्यांवरून बोट आडवं फिरवायचं. हे किती जणांना ठाऊक होतं? आधी केलेल्या हिशेबांची यादी आणि आकडा पुसण्याची कळ तिथे आली ती २०२४ मध्ये. आयपॅडला तर २०१० पासून त्या वर्षापर्यंत स्वतःचा कॅल्क्युलेटरच नव्हता.

२०१७ च्या शेवटी याच आयफोनवर १ + २ + ३ भरभर दाबलं की उत्तर २४ येई. कळ दाबल्यावर ती क्षणभर उजळून विझे, आणि ती विझेपर्यंत दाबलेली पुढची खूण गळून जाई. दुसरं अधिक गेलं, २ आणि ३ चे २३ झाले. डिसेंबरात ती चूक दुरुस्त झाली. पण दिवाणजींच्या वेगाला मान न देणारं यंत्र म्हणजे काय, याचा याहून नेमका दाखला मिळणार नाही.

असं असूनही, काळजी घेणारे लोक या क्षेत्रात आहेत आणि त्यांचं कौतुक करायलाच हवं. दहाचा शंभरावा घात घ्यायचा, त्यात एक मिळवायचा आणि तीच प्रचंड संख्या पुन्हा वजा करायची. उत्तर उघडच एक. पुष्कळ यंत्रं शून्य सांगतात, कारण एवढ्या अंकांत तो एकटा एक त्यांना धरून ठेवता येत नाही. अँड्रॉइडच्या कॅल्क्युलेटरवर काम करणाऱ्या हान्स बोम यांनी तो एक हरवू दिला नाही. लागतील तितके अंक लागतील तेव्हा काढत जायचे, अशी रीत त्यांनी वापरली आणि २०१७ मध्ये त्यावर लेखही लिहिला. एका एकासाठी एवढे कष्ट!

टक्क्यांची गोष्ट वेगळी. १८ टक्के जीएसटीसह ११८० रुपयांचं बिल. मूळ किंमत काढायला कुणी ११८० वजा १८ टक्के दाबतो आणि ९६७.६० मिळतात. खरी किंमत हजार, त्यासाठी १.१८ ने भागायचं. दुकानदाराची ही अडचण ओळखून कॅसिओने भारतासाठी जीएसटीच्या कळा असलेलं यंत्र काढलं. फोनमधलं ॲप अजून साऱ्या जगाला एकच टक्का देतं.

सगळ्यांत खोल घोळ क्रमाचा. एक वक्कल दोन खेपांत काट्यावर गेलं, २०८ किलो आणि २०४ किलो. भाव दहा किलोला १६० रुपये, म्हणजे किलोला १६. दिवाणजी २०८ अधिक २०४ गुणिले १६ असं सलग दाबतात. टेबलावरचं साधं यंत्र वाटेत ४१२ दाखवतं आणि ६५९२ वर येतं. याच कळा याच क्रमाने फोनवर दाबल्या तर ३४७२. फोन शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ पाळतो, आधी गुणाकार, मग बेरीज. नियमाने तो बरोबरच आहे. पण मधला ४१२ कुठेच दिसत नाही, आणि हिशेबाचा ताळा पाहणारा माणूस त्या ४१२ लाच शोधत असतो.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलेला शेतकरी घडी उलगडून पट्टी पाहतो, फोनवर आकडे दाबतो, थबकतो. तीन हजारांवर फरक. पुन्हा दाबतो, पुन्हा तेच. मग शेजाऱ्याकडून पेन मागून घेतो, पट्टी उलटी करून गुडघ्यावर ठेवतो आणि गाडीच्या हेलकाव्यांत २०८ खाली २०४ लिहितो. आठ नि चार बारा. बाराचे दोन, आणि शून्याच्या डोक्यावर हातचा एक.