बातमीची सनद

उर्दू माध्यमाच्या शाळेतून दहावी झालेले आमचे मूल कॉलेजात जाते तेव्हा त्याच्याजवळ चार भाषा असतात आणि एकही पुरती हाताला आलेली नसते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या अशा मुलांना मी चौदा वर्षे शिकवते आहे. एरवी या चार भाषांचे ओझे मुलाचे एकट्याचे असते. २०२० साली मात्र सारे घर त्याच ओझ्याच्या आधाराला आले. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणजे घरातला इंटरनेट असलेला माणूस. अब्बांना ताप आला, दादीला धाप लागली, लस घ्यावी की नाही, या साऱ्याचे उत्तर एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने फोनवरून शोधून द्यायचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी १५ फेब्रुवारी २०२० रोजी म्युनिकच्या परिषदेत सांगितले होते की, आपली लढाई साथीशी आहे तशीच खोट्या माहितीच्या साथीशीही आहे. तेव्हा आपल्याकडे टाळेबंदी लागायची होती. पुढे महिन्याभरात ही दुसरी साथ आमच्या मोहल्ल्यात पहिलीच्या आधी पोहोचली.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू झाले ते तेव्हापासून. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला एक संदेश पाठवला आणि विचारले, "टीचर, ये सच्ची है क्या?" संदेशात लिहिले होते की, सकाळी उठून दहा सेकंद श्वास रोखून धरा, खोकला आला नाही तर तुम्हाला कोरोना नाही. खाली एका मोठ्या डॉक्टरचे नाव होते. दादी रोज सकाळी हा प्रयोग करीत होती आणि पास होत होती. मुलीने जागतिक आरोग्य संघटनेचे संकेतस्थळ उघडून पाहिले. श्वास रोखता येणे ही निदानाची कसोटी नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. या आजारात धाप न लागताही रक्तातला ऑक्सिजन उतरू शकतो, हेही तिने शोधले. मग बोटाला लावायचे यंत्र आणण्याचा तिने हट्ट धरला. घरातल्यांनी म्हटले, दोन बुकं शिकली आणि डॉक्टर झाली.

या मुलांना जे येत होते किंवा येत नव्हते, त्याला अभ्यासक 'डिजिटल आरोग्य साक्षरता' म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. आरोग्याची माहिती फोनवर शोधता येणे, ती खरी की खोटी हे पारखता येणे, ती आपल्याला लागू आहे का हे ओळखणे, आपला प्रश्न नीट लिहून विचारता येणे आणि दुसऱ्याची खासगी माहिती उघडी न पाडणे. जर्मनीत २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये १३० विद्यापीठांतल्या जवळपास १५ हजार विद्यार्थ्यांना याबद्दल प्रश्न विचारले गेले. त्यांतल्या ४२ टक्क्यांहून अधिक जणांना माहिती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणे अवघड जात होते. माहितीमागे कुणाचा धंदा आहे का, हे ओळखणे जवळपास ३९ टक्के मुलांना अवघड वाटत होते. मी हे वाचले तेव्हा मनाला थोडा धीर आला. म्हणजे हा केवळ आमच्या मोहल्ल्याचा, आमच्या माध्यमाचा अडाणीपणा नव्हता. मायभाषेत विद्यापीठापर्यंत शिकणारी मुलेही तिथेच अडखळत होती.

पण आमच्या मुलांपुढे आणखी एक अडचण होती, ती जर्मनीच्या मुलांपुढे नव्हती. मार्च २०२०च्या निजामुद्दीन प्रकरणानंतर त्याच फोनवर आमच्याविषयीच्या बातम्या येऊ लागल्या. भाजीवाला थुंकतो, फळवाला चाटतो असे व्हिडिओ फिरले. त्यांतले कितीतरी जुने किंवा भलत्याच प्रसंगाचे असल्याचे नंतर उघड झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे म्हटले. पण तोवर मुलांच्या मनावर उमटायचे ते उमटले होते. मोठ्या वाहिन्याही खोटे बोलतात, हे ती शिकली. या शिकण्याचा एक फायदा झाला, मुले प्रश्न विचारू लागली. एक तोटाही झाला. वाहिनी खोटी, म्हणून सरकारी दवाखानाही खोटा, तपासणी खोटी आणि लसही खोटी, असे गणित अनेक घरांत मांडले गेले. प्रत्येक गोष्टीवर संशय घेणे म्हणजे साक्षरता नव्हे. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच विश्वास न ठेवणारा, दोघेही तपासण्याची मेहनत टाळतात.

या गणिताची किंमत मी जवळून पाहिली. २०२०च्या उन्हाळ्यात 'दवाखान्यात नेले की माणूस परत येत नाही' अशी एक आवाजी चिठ्ठी उर्दूतून फिरत होती. बोलणारा कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या चाचांना ताप आणि खोकला होता. हा मुलगा फार्मसी शिकत होता. त्याने यंत्र लावून पाहिले, आकडा नव्वदच्या खाली होता. त्याने चाचांना न्यायला सांगितले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती चिठ्ठी ऐकली होती, त्यांनी दोन दिवस थांबायचे ठरवले. तिसऱ्या दिवशी नेले, पाचव्या दिवशी चाचा गेले. आधी नेले असते तर वाचले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. मुलगा मला एवढेच म्हणाला, "मैं छोटा हूं ना टीचर, घर में मेरी कौन सुनता?"

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. विद्यार्थ्याला किती कळते ते मोजणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. त्याला कळले ते घरात कितीजण ऐकतात, हे कोण मोजणार? आणि मुलगी असेल तर?

पुढे लस आली. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू होण्याच्या आधीपासूनच लसीत डुकराच्या चरबीपासून केलेले जिलेटिन असल्याची चर्चा सुरू झाली होती. त्याच फार्मसीच्या मुलाने कोविशील्डचे माहितीपत्रक काढून त्यातल्या घटकांची यादी उर्दूत उतरवली. त्यात जिलेटिन नव्हते. पण इथेनॉल होते! मित्रांनी त्याला घेरले, ही तर दारू. तेव्हा त्याने प्रमाण समजावून सांगितले. ते इतके अल्प आहे की त्याचा शरीरावर काही परिणाम जाणवत नाही. यादी वाचता येणे ही पहिली पायरी आणि प्रमाण समजणे ही दुसरी. नववीच्या विज्ञानात आपण द्रावणाची संहती शिकवतो, ती यासाठीच की! मग तो आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे यादी घेऊन गेला. जीव वाचवण्याचा दीनमध्ये काय दर्जा आहे, ते त्यांनी जुम्म्याच्या बयानात सांगितले. मुलाचे ऐकले नव्हते त्यांनी इमामसाहेबांचे ऐकले. मला यात वाईट काही वाटत नाही. माहिती मुलाची होती, वजन इमामसाहेबांचे होते.

१८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी नोंदणी २८ एप्रिल २०२१ला कोविन पोर्टलवर उघडली. सुरुवातीला पोर्टल इंग्रजीत होते आणि या वयोगटाला नोंदणीशिवाय केंद्रावर जाता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात याच डिजिटल दरीवर बोट ठेवले. मराठीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. तोवर बिडी वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या कितीतरी माणसांची नोंदणी या कॉलेजच्या मुलामुलींनी केली. मात्र त्यात एक गोष्ट खटकत होती. गल्लीभरची आधार कार्डे एकेका मुलाच्या फोनमध्ये पडून होती आणि कुणा बाईचा तपासणीचा अहवाल सहज दहा जणांच्या ग्रुपमध्ये जात होता. दुसऱ्याच्या आजाराची लाज राखणे हाही साक्षरतेचाच भाग आहे, हे मुलांना कुणी शिकवले नव्हते.

आता मी वर्गात हे शिकवते. त्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. आपल्या परंपरेत हदीस स्वीकारण्यापूर्वी तिची सनद पाहिली जाते. कुणी कुणाकडून ऐकले, सांगणारा कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, दोघांची भेट तरी झाली होती का, हे तपासण्यासाठी आपल्या बुजुर्गांनी एक स्वतंत्र शास्त्र उभारले. सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर आधी तपासून घेण्याची ताकीद आहे. मी मुलांना विचारते, या संदेशाची सनद काय? आधी कुणी सांगितले? कधी सांगितले? त्याला हे ठाऊक असण्याचे कारण काय? यातून कुणाचे काय विकले जाते? व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर इतकेच समजा की, संदेश अनेक हातांतून आला आहे आणि पहिला हात दिसत नाही. मुले हे लगेच पकडतात, कारण भाषा त्यांच्या ओळखीची असते.

मुलांचे काम इतके सोपे असेल, तर अवघड काम आपले, मोठ्यांचे आहे. पालक सभेत मी हल्ली गुणांबरोबर हेही बोलते. मी म्हणते, घरात आजारपण आले तर शिकणाऱ्या मुलाला, मुलीलासुद्धा, शेजारी बसवा. तिने काय वाचले, कुठे वाचले ते विचारा. पटले नाही तर डॉक्टरांना विचारा, पण तिला गप्प करू नका. मागच्या सभेत एक वडील उठले आणि म्हणाले, "टीचर, पण पोरगी चुकली तर?" मी म्हटले, "चुकेल की. म्हणून तर डॉक्टरांकडे तिलाही सोबत न्या."