सावलीसावलीनं

जालना जिल्ह्यात जंगल बघायचं असेल तर आधी देवाचा पत्ता विचारावा. साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठा जिल्हा आणि त्यात वन म्हणावं असं क्षेत्र जेमतेम एक टक्का. बाकी सगळी शेती, म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, नाहीतर उघडं माळरान. झाडं टिकली ती देवळाच्या टेकडीवर, दर्ग्याच्या आवारात, मठामागे, चर्चच्या कुंपणात. तिथं कुऱ्हाड जरा बिचकते. नोकरीभर मी भूगोल शिकवला, पण ही गोष्ट मला पुस्तकानं नाही, सायकलनं शिकवली. एसटीच्या खिडकीतून दोन झाडांमधलं अंतर कळत नाही. एप्रिलात पायडल मारताना ते पाठीला बरोबर कळतं.

पहिली सायकल वडिलांची, काळी हर्क्युलस. ते जालन्यात जिनिंगमध्ये कारकून होते. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. पगाराच्या दिवशी जरा जास्तच तिरकस सुरात. नळीला टॉवेल गुंडाळून ते मला पुढे बसवत आणि चतुर्थीला राजूरला नेत. साडेतीन गणपती पीठांतलं हे एक पूर्ण पीठ. अंगारकीच्या रात्री जालन्याहून माणसांची रांग पायी निघते, आम्ही त्या रांगेच्या कडेकडेनं घंटी वाजवत जायचो. पंचवीसेक किलोमीटरांचा रस्ता, पण वडिलांनी तो किलोमीटरमध्ये कधी सांगितला नाही. “आता वडापर्यंत गप बसायचं,” “आता चिंचेपर्यंत,” “तो लिंब दिसतो का, तिथं पाणी पिऊ.” पुढं बसून माझ्या मांडीला मुंग्या यायच्या, त्यामुळं प्रत्येक झाड मला तोंडपाठ झालं. टेकडीवरचा गणपती दिसेपर्यंत माझ्यापुरता रस्ता म्हणजे ही झाडंच.

१९७२ च्या दुष्काळात त्याच रस्त्यावर माणसंच माणसं दिसू लागली, पण चतुर्थीची नव्हेत. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, डोक्याला फडकी बांधलेली माणसं. गुरांसाठी लिंबाच्या फांद्या इतक्या वरपर्यंत छाटलेल्या की झाडाला सावली उरली नव्हती, नुसता खुंट उभा. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते त्या कामांतून झाले. वाट रुंद होत होती आणि तिच्या कडेची सावली आटत होती, हे तेव्हा पाहिलं ते पुढं पुन्हा पुन्हा पाहायला मिळालं.

सायकल चालवायला मी भाड्याच्या सायकलवर शिकले, नळीच्या मधून पाय घालून, अर्ध्या पायडलवर. मुलीनं ते करायचं म्हणजे परकराचा ओचा नीट खोचून. तपशील सांगत नाही, माझ्या वयाच्या बायकांना सांगावा लागत नाही.

१ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीचे तुकडे जोडून जालना जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांनी मला भोकरदन तालुक्यातल्या एका गावात शिक्षिकेची नोकरी मिळाली. खोली घेतली भोकरदनला आणि शाळेसाठी लेडीज सायकल. पहिल्या आठवड्यात गावातले म्हातारे पारावरून उठून बघायला आले. एकानं विचारलं, “बाई, उतरता कशा?” चढण्याचं त्याला कोडं पडलं नव्हतं, उतरण्याचंच पडलं होतं.

त्या वाटेची मालकी खरं तर सराट्याची. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, बारीक पिवळं फूल आणि चारी बाजूंनी काटे असलेलं फळ. कसंही पडलं तरी एक काटा वर. शाळेच्या फाट्यावर पंक्चर काढणारे मामा होते. चाक न खोलताच ते टायरची एक बाजू पान्ह्यानं सोडवायचे, ट्यूब ओढून हवा भरायचे आणि घमेल्यातल्या पाण्यात इंचाइंचानं फिरवायचे. बुडबुडा आला की तिथं ओलं बोट दाबून दुसऱ्या हातानं जुनाट कानस शोधायची. घासणं, सोल्युशन लावणं, फुंकर, ठिगळ, लाकडी ठोकळ्यावर दोन ठोके. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: टायरच्या आतून अंगठा फिरवणं. “काटा काढला म्हून भागत नाही बाई, टोक आतच ऱ्हातं. घरी जास्तोर पुन्हा बसते हवा.” त्यांच्या अंगठ्याचं कातडं इतकं जाड होतं की त्यांना ते टोक टोचायचं नाही, फक्त लागायचं. मामांचं दुकान म्हणजे एक बाभूळ आणि तिला टांगलेला टायर. तीही देवाचीच, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता, म्हणून उभी.

सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन मी असईला जायची. गावातल्या सायकली गोळा करायच्या, एकेकीवर दोन पोरं. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. पुढं नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा वेलिंग्टन तो हाच. केळना ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की इथं उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं की पीपलगाव आणि वारूर ही दोन गावं नदीच्या दोन काठांना समोरासमोर आहेत. त्यानं ताडलं की एवढ्या जवळच्या गावांची ये-जा असणार, म्हणजे मध्ये उतार असणारच. तो होताच. फौज तिथून उतरली, आणि संध्याकाळपर्यंत विजय मिळवताना त्याचीच दीड हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुढं आयुष्यभर त्यानं या लढाईला आपली सर्वांत उत्तम कामगिरी मानलं.

पोरांना तोफांची संख्या हवी असायची, मला तो उतार महत्त्वाचा वाटायचा. सायकलवाल्यानं वाट अशीच काढायची असते. एका गावाचा कळस दिसतो, पलीकडे दुसऱ्याचा मिनार, तर मधून पांदण असणारच, नकाशा काही म्हणो. बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घालायची नाही, मधल्या गवताच्या पट्ट्यावरून न्यायची. पांदणीला दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी असतात, म्हणून सावलीही तिथंच. डांबरी सडक लवकर पोचवते, पण भाजते.

भोकरदनही अशाच एका वाटेवरचं जुनं ठाणं. प्राचीन नाव भोगवर्धन; पैठणहून उत्तरेला जाणारा व्यापार इथून जायचा. १९७० च्या दशकात इथं उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा मिळाला. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत भारतीय बनावटीची जी हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी त्याचं इतकं साम्य की ती मूर्ती इथली असावी असा कयास काहींनी केला. केळनेकाठची लेणी बघायला मी शाळा सुटल्यावर जायची. सायकल बाहेर टेकवायची आणि दगडाच्या गारव्यात पाठ टेकून बसायचं. झाड नसेल तिथं लेणंही चालतं.

जालन्याला बदली होऊन आले तेव्हा रविवारच्या फेरीला एक नवी दिशा मिळाली, बेथेल. शहराजवळचं हे ख्रिस्ती गाव वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. मुंबईत १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरून परतला तेव्हा त्याला शुद्ध करून घ्यावं की नाही यावर केवढा गहजब झाला, बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू कशी घेतली, हे इतिहासात पुष्कळदा वाचायला मिळतं. मोठ्या भावाचं पुढं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. स्कॉटिश फ्री चर्चच्या कामासाठी तो जालन्यात आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यानं जमीन मिळवली आणि गावोगावच्या दलित कुटुंबांसाठी वस्ती उभी केली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती परिषदेलाही हा माणूस जाऊन आला होता. कर्मठ घरातला मुलगा या माळावर घर बांधायला का आला असेल, याचा विचार मी तिथल्या लिंबाखाली बसून पुष्कळ केला आहे. धर्मांतरावर लोकांची मतं असतात, माझीही आहेत. पण पाणी आणि सावली ज्यांना मागायची सोय नव्हती त्यांच्यासाठी त्यानं ठिकाण केलं, हे मला मतांच्या अलीकडचं वाटतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यात, दुसरा नारायण. जांब समर्थचे नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, जन्म १६०८. ते ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून गेले ते गेलेच. एक नारायण इथून निघून गेला, एक इथं येऊन राहिला. जांबचं राममंदिर गेल्या काही वर्षांत पुन्हा बातम्यांत आलं, २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या म्हणून. काही महिन्यांत त्या सापडल्या. त्या वाटेवर अंबडच्या मत्स्योदरीची टेकडी लागते, माशाच्या आकाराची म्हणतात. मला तिच्यात मासा दिसलेला नाही, भाविकांना लांबूनच दिसतो.

२०१२-१३ चं साल आमच्याकडे नुसतं ‘ते साल’ म्हणून ओळखलं जातं. अंबड-घनसावंगीच्या बाजूला मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरनं झाडं जगवता जगवता लोकांनी सोनं मोडलं आणि शेवटी कुऱ्हाड लावली. मी सायकलवरून जाताना वीस-वीस वर्षं वाढवलेल्या बागेचं सरपण रस्त्याच्या कडेला रचलेलं असायचं, वजनावर विकायला. जिथं मी नेहमी थांबायची त्या बागेच्या मालकानं मला ओळखून हाक मारली, “बसा ना बाई.” बसायला सावली नव्हती. त्यानं सरपणाच्या ढिगाची बाजू दाखवली. दुपार कलली होती, ढिगाची पडत होती तेवढीच.

आता मी निवृत्त आहे आणि सायकल गिअरची आहे. भाचा बेल्जियमला नोकरीला आहे, तो तिकडच्या लिम्बर्ग प्रांतातल्या सायकलमार्गांचे फोटो पाठवतो. दाट झाडी, मध्येच विटांचं लहानसं चॅपेल, गाव, पुन्हा झाडी. तिथं चौकाचौकाला नंबर दिलेले असतात; आपण घरून नंबरांची यादी लिहून घ्यायची आणि त्या क्रमानं जायचं. ही पद्धत खाणीतल्या एका अभियंत्याला सुचली, कोळशाच्या खाणीत बोगद्यांच्या फाट्यांना नंबर असतात त्यावरून, आणि १९९५ मध्ये ती रस्त्यावर आली. एका ठिकाणी तर सायकलमार्ग चढत चढत दहा मीटर उंचावर, झाडांच्या शेंड्यांतून जातो. भाचा म्हणाला, “मावशी, तू इथं पाहिजे होतीस.” फोटो बघून मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण तिकडे झाडीत चॅपेल असतं. आमच्याकडे उलट हिशेब: चॅपेल आहे, म्हणून चार झाडं आहेत.

आमच्या जिल्ह्यात खऱ्या सायकलवाल्या कोण म्हणाल तर हायस्कूलच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली घेऊन त्या सकाळी रांगेनं निघतात, दप्तर कॅरिअरला, ओढणी गळ्याला दोन वेढे देऊन. डिसेंबर २०२२ पासून त्यांच्या डोक्यावरून समृद्धी महामार्ग धावतो. त्यावर दुचाकीलाही मज्जाव, मग सायकल कुठली. त्या खालच्या बोगद्यातून जातात, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मी त्यांच्यामागून गेले तर एकीनं ओरडून सांगितलं, “आजी, डावीकडनं या, मधी खड्डाय!” ‘बाई’ची ‘आजी’ झाल्याचं मी हसत मान्य केलं आणि डावीकडून गेले.

भाचा दिवाळीला येतो आहे. त्याला जाळीच्या देवाला न्यायचं ठरलंय. जिल्ह्याच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेला, जयदेववाडीचं हे महानुभाव पंथाचं ठाणं. तेराव्या शतकात इथल्या जाळीत चक्रधरस्वामींनी वाघाच्या पिलांना कुरवाळलं, असं भाविक सांगतात. वाघ गेले, जाळी थोडी आहे: पळस, धावडा, सालई. त्यानं फोनवर आखलेली वाट सगळी डांबरी आहे. मी म्हटलं, भोकरदनपुढे आपण पांदणीनं जाऊ. तो म्हणाला, पण तिथं वाट दाखवतच नाहीये. मी त्याला दोन गावांची नावं सांगितली, समोरासमोरची, आणि दोन जादा ट्यूब आणायला सांगितल्या. ऑक्टोबरात सराटे नुकते वाळलेले असतात.