बंद दारामागची मूर्ती

जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिराच्या आवारात युमेदोनो नावाचं अष्टकोनी देवघर आहे. आत सातव्या शतकातली अवलोकितेश्वराची मूर्ती उभी आहे: कापराच्या लाकडात कोरलेली, सोन्याच्या वर्खाची, माणसाएवढी उंच. कित्येक शतकं ती कापडात गुंडाळून कडीकुलुपात ठेवलेली होती. १८८४ साली अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन अभ्यासक आणि त्याचा तरुण सहकारी ओकाकुरा सरकारी परवानगी घेऊन तिथे पोचले. फेनोलोसाने लिहून ठेवलंय की, दार उघडलंत तर भूकंप होईल, असं भिक्षू परोपरीने सांगत होते. दार उघडलं, शेकडो वार कापड सुटलं, आणि कलेच्या इतिहासाला एक अजोड शिल्प मिळालं.

त्या भिक्षूंना अडाणी ठरवणं मला जमत नाही. मूर्तीचा वर्ख आजही झळाळतो तो त्यांच्याच अंधारामुळे. आणि मुळात कुणी पाहावं म्हणून त्यांनी ती जपलेली नव्हतीच. आपण देवळात जातो ते दर्शनाला. नजरभेट झाली नाही तर फेरी फुकट गेली असं वाटतं. इतक्या देखण्या मूर्तीपुढे रोज दिवा लावायचा, सूत्रं म्हणायची आणि तिला कधीच पाहायचं नाही, ही निष्ठा समजायला मला वेळ लागला.

ती थोडीफार उमगली नागानोच्या झेन्कोजी मंदिरात. तिथली अमिदा बुद्धाची मूळ मूर्ती पुजाऱ्यांनाही दिसत नाही. मुख्य मंदिर १७०७ सालचं, प्रशस्त. पण त्याचा खरा अर्थ जमिनीखाली कळतो. गाभाऱ्याखालून वळणावळणाची एक बोळ जाते. काळोख असा की डोळे उघडे काय नि मिटलेले काय. उजवा हात कमरेच्या उंचीवर भिंतीला लावून चाचपडत जायचं. पुढच्या बाईची पावलं ऐकू येत होती, तिची कुजबुज, मग एकाएकी खडखडाट. मग माझ्याही हाताला ते जड कुलूप लागलं. मूर्ती बरोब्बर त्याच्यावर आहे, असं सांगतात. ते हलवलं की तिच्याशी नातं जुळतं. त्या क्षणी मूर्ती दिसायला हवी होती, असं मला अजिबात वाटलं नाही.

मूळ मूर्तीची प्रतिकृतीही एरवी झाकलेलीच असते. दर सहा वर्षांनी होणाऱ्या उत्सवात तेवढी ती दिसते. तेव्हा मंदिरासमोर एक उंच लाकडी खांब उभारतात आणि प्रतिकृतीच्या उजव्या हातापासून निघालेला दोर त्याला आणून बांधतात. खांबाला हात लावला की मूर्तीला लावल्यासारखंच. माणसं रांगा लावून तेवढ्यासाठी येतात, तळवा लाकडावर टेकवतात आणि पुढच्याला जागा करून देतात.

युमेदोनोची दारं आता वसंतात आणि शरदात काही आठवडे उघडतात. ते शिल्प पाहायला मिळतं याचा मला आनंदच आहे. पण झेन्कोजीत कुणी फेनोलोसा आला नाही, याचा आनंद त्याहून मोठा आहे.